साठ मिनिटांच्या कॅसेटवरचं ‘मेड इन जपान’

नमस्कार,

डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘मेड इन जपान’ या लाइव्ह, म्हणजे कार्यक्रमात ध्वनिमुद्रित केलेल्या, अल्बमबद्दल मी जे लिहिलं ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मशीन हेड’ या त्यांच्या स्टुडिओ अल्बमवर हीच गाणी आटोपशीर असताना ती ताणून ऐकायची कशाला? ड्रम सोलो काढला आणि ‘स्पेस ट्रकिन’ अर्ध्यावर आणलं तर अल्बम सुधारेल. लाइव्ह अल्बम सगळेच मागाहून स्टुडिओत दुरुस्त केलेले असतात, तेव्हा ‘त्या रात्रीचा आवाज’ हा भाबडेपणा. आणि शेवटी, माझं प्रेम अल्बमवर नसून माझ्या कॉलेजच्या दिवसांवर आहे. तुम्ही स्वतः बँडमध्ये बास वाजवता, त्यामुळे हे ऐकून-समजून लिहिलेलं आहे हे कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक दुरुस्ती. सात गाण्यांपैकी ‘मशीन हेड’ची चारच आहेत: ‘हायवे स्टार’, ‘स्मोक ऑन द वॉटर’, ‘लेझी’ आणि ‘स्पेस ट्रकिन’. ‘चाइल्ड इन टाइम’ १९७० चं. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’ आणि ‘द म्यूल’ १९७१ ची. हे मुद्दाम सांगतोय, कारण मला या अल्बममध्ये जे सगळ्यांत मोलाचं वाटतं ते या उरलेल्या तिघांत जास्त आहे.

आता कात्रीबद्दल. तुम्ही सुचवता तो कापलेला अल्बम माझ्याकडे होता, आणि मी तो सहा वर्षं ऐकला. १९८७ साली माझ्या आतेभावानं एका दुकानातून एलपीवरून कॅसेट भरून आणली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट महाग, म्हणून साठची. अल्बम आहे सुमारे शहात्तर मिनिटांचा. दुकानदारानं पहिल्या बाजूला ‘हायवे स्टार’, ‘चाइल्ड इन टाइम’ आणि ‘स्मोक’ बसवली आणि ‘द म्यूल’, म्हणजे ड्रम सोलोचं गाणं, वगळलं. दुसऱ्या बाजूला ‘स्ट्रेंज काइंड’, ‘लेझी’, आणि मग ‘स्पेस ट्रकिन’ सुरू होऊन नवव्या-दहाव्या मिनिटाला टेप संपायची. खट्. ठाकूरद्वारच्या आमच्या दोन खोल्यांत तो खट् आवाज मला गाण्याचाच भाग वाटायला लागला होता. म्हणजे ड्रम सोलो नाही आणि ‘स्पेस ट्रकिन’ निम्मं, अगदी तुमच्या यादीबरहुकूम.

१९९३ मध्ये पहिल्या पगारातून काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून सीडी घेतली. माझ्याकडे प्लेअर नव्हता, म्हणून दादरला मित्राकडे जाऊन ऐकली. तोवर माझी समजूत अशी होती की या गाण्यांत लांबण आहे आणि मला तेवढी भरून मिळाली नाही इतकंच. पूर्ण ऐकल्यावर ती समजूत मोडली. ‘द म्यूल’मध्ये ड्रमर इयन पेस बराच वेळ एकटा वाजवतो, आणि मग बाकीचे एकदम मुखड्यावर परततात. तुम्ही तबल्याची साथ ऐकली असेल तर सम म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. सम गाठण्याआधी जे आवर्तन फिरून येतं ते काढून टाकलं तर समेवर दाद कशाची द्यायची? पेस डावखुरा, त्याचे हात स्नेअरवर इतके हलके चालतात की ताकदीपेक्षा नाद जास्त कानावर येतो. तो सोलो दोन मिनिटं कमी असता तर माझं काही अडलं नसतं, हे कबूल. पण नसताच, हे नाही.

‘स्पेस ट्रकिन’ची गोष्ट निराळी आहे. स्टुडिओत ते साडेचार मिनिटांचं गाणं, इथे वीस मिनिटांच्या आसपास. तुम्हाला हे पाणी घालणं वाटतं. पण ती पंधरा मिनिटं त्या गाण्याची नाहीतच. १९६८ च्या पहिल्या अल्बमवर त्यांचं ‘मँड्रेक रूट’ नावाचं गाणं होतं, आणि पुढची काही वर्षं कार्यक्रमाच्या शेवटी ते त्यावर लांबलचक वाजवत. १९७२ मध्ये गाणं बदललं, पण तो शेवट तसाच ठेवून ‘स्पेस ट्रकिन’ला जोडला. मध्ये एक जागा येते तिथे रिची ब्लॅकमोअर गिटारची तार छेडताना आवाजाची कळ शून्यावर ठेवतो आणि सूर लागल्यावर ती हळूहळू उघडतो. त्यामुळे छेडल्याचा ठोका ऐकूच येत नाही, सूर गजानं ओढल्यासारखा फुगत येतो, सारंगीसारखा. ती जागा त्यानं ‘फायरबॉल’ या त्यांच्या आधीच्या अल्बममधल्या ‘फूल्स’ गाण्यावरून आणली आहे. माझी कॅसेट संपायची त्याच्या पुढे हे सगळं होतं. सहा वर्षं मला ते ठाऊकच नव्हतं! त्यानंतरच्या गोंगाटातली शेवटची काही मिनिटं मीही दर वेळी ऐकत नाही. तिथे तुमचं बरोबर आहे.

स्टुडिओत केलेल्या दुरुस्त्यांबद्दल तुमचा संशय रास्त आहे, पण तो या अल्बमला लागू पडत नाही. थिन लिझी या बँडच्या १९७८ च्या ‘लाइव्ह अँड डेंजरस’बद्दल असा वाद आजही चालतो. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी सांगतो की बराचसा भाग मागाहून स्टुडिओत वाजवला, आणि बँडच्या बाजूचे लोक ते मानत नाहीत. इथे तसं नाही. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ला ओसाकाचं फेस्टिव्हल हॉल, १७ ला टोकियोचं बुडोकान, तीन रात्री. आठ ट्रॅकचं मशीन आणि ध्वनिमुद्रक मार्टिन बर्च. बँडला लाइव्ह अल्बम काढायची फारशी हौस नव्हती; मागणी जपानी कंपनीची होती, तीही फक्त जपानपुरती. आमचा ध्वनिमुद्रक हवा आणि ऐकून आम्ही पसंत केलं तरच काढायचं, या बोलीवर ते तयार झाले. मिक्सिंगला बर्चसोबत बासवादक रॉजर ग्लोव्हर आणि पेस बसले. नव्यानं काही वाजवून भरलं नाही. हवं तर स्वतः पडताळा: १९९३ मध्ये त्या तीन रात्रींचं बहुतेक ध्वनिमुद्रण तीन सीडींवर निघालं. कुठलं गाणं कुठल्या रात्रीचं निवडलं तेही ठाऊक आहे. ‘स्मोक’ तेवढं पहिल्या रात्रीचं, ‘द म्यूल’ आणि ‘लेझी’ टोकियोचं, बाकी चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची. मुखपृष्ठावरचा फोटो मात्र लंडनच्या रेनबो थिएटरमधला आहे, जपानचा नाही. तुमचा मुद्दा खरेपणाचा आहे, तेव्हा हेही सांगायला हवं.

आणि आता ते, ज्यासाठी मी हा अल्बम सोडायला तयार नाही. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’च्या उत्तरार्धात बँड थांबतो आणि ब्लॅकमोअर गिटारवर एक तुकडा टाकतो. गायक इयन गिलन तोच तुकडा गळ्यानं परत करतो. पुढचा तुकडा जरा वाकडा, तोही येतो. मग आणखी वर, आणखी वर, आणि शेवटी गिलन अशी किंकाळी फोडतो की तिच्या पुढे गिटारला उत्तरच उरत नाही. आमच्या चाळीत शेजारी पेटीवाले काका राहायचे. नाट्यसंगीताच्या कार्यक्रमांना साथ करायचे. एकदा दार ढकलून आत आले. मला वाटलं आवाज कमी कर म्हणणार. ते म्हणाले, “ते भांडण परत लाव.” तीनदा ऐकलं आणि विचारलं, “साथ कोण कोणाला करतंय?” मला उत्तर देता आलं नाही. पुढे कितीदा तरी ऐकल्यावर वाटलं, साथ दोघंही करत नाहीत. तो सवाल-जवाब आहे, आणि सवाल टाकणाऱ्याला जवाब काय येणार ते खरोखर माहीत नाही. त्या तीन रात्रींचे तीन जवाब वेगवेगळे आहेत. ‘मशीन हेड’ मलाही आवडतो, आणि १९७१ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोचा कॅसिनो जळाल्यावर मिळेल त्या जागेत त्यांनी तो केला हे लक्षात घेतलं तर जास्तच. पण तिथे प्रत्येकाला पुढे काय येणार ते माहीत आहे. लाइव्हमध्ये ते एकमेकांचं ऐकतायत, आणि तुम्ही लांबण म्हणता ती बहुतेक वेळा त्या ऐकण्याला लागलेला वेळ आहे.

‘चाइल्ड इन टाइम’बद्दल मुंबईकर म्हणून एक सांगतो. सुरुवातीची ती ऑर्गनवरची धून ऑर्गनवादक जॉन लॉर्डच्या मनातली नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘इट्स अ ब्यूटिफुल डे’ या बँडच्या १९६९ च्या अल्बमवर ‘बॉम्बे कॉलिंग’ नावाचा व्हायोलिनचा तुकडा आहे, तिथून ती उचलली, आणि गिलननं हे कधी लपवलं नाही. मूळ तुकडा ऐका, लगबगीचा आहे. लॉर्डनं तो इतका संथ केला की ओसाकात पहिली काही मिनिटं टाचणी पडली तरी ऐकू यावी. तिथले प्रेक्षक त्या शांततेत बसून ऐकतात. स्टुडिओत शांतता आयती मिळते. इथे ती हजारो माणसांनी दिलेली आहे, आणि गिलनचा आवाज चढत जातो तेव्हा ती कशी ताणली जाते ते ऐकू येतं.

तुमचा शेवटचा मुद्दा, माझ्या कॉलेजच्या दिवसांचा. ते दिवस मला प्रिय आहेत, नाकारत नाही. धोबीतलावच्या रंगभवनात ऑगस्टमध्ये भरणारा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव, पावसात भिजलेली माणसं, आणि कुठल्याही बँडनं ‘स्मोक’ची सुरावट छेडली की उठणारी ओरड, हे सगळं मनात आहे. पण आठवणींवरच प्रेम असतं तर मी त्या साठ मिनिटांच्या कॅसेटलाच चिकटून राहिलो असतो. तिच्यातला अल्बम अपुरा होता हे मी मान्य केलं, तेही सहा वर्षांच्या सवयीनंतर. १९९५ मध्ये डीप पर्पल मुंबईत वाजवून गेले तेव्हा ब्लॅकमोअर बँडमध्ये नव्हता, स्टीव्ह मॉर्स होता. तो उत्तम वादक, पण मला हवा होता तो सवाल टाकणारा माणूस तिथे नव्हता, आणि हे मी तेव्हाही मित्रांना स्पष्ट सांगितलं होतं. ‘मेड इन जपान’वरचे पाच जणही पुढे फार काळ एकत्र राहिले नाहीत. गिलन आणि ग्लोव्हर बाहेर पडले ते २९ जून १९७३ च्या कार्यक्रमानंतर. तोही ओसाकातच झाला.

कुठली आवृत्ती ऐकावी असंही तुम्ही विचारलं आहे. आधी मूळ सात गाणी, त्याच क्रमानं, मध्ये काही न गाळता. घाई नसलेल्या दिवशी, आणि फोनच्या स्पीकरवर नको, कारण गिटार एका बाजूला आणि ऑर्गन दुसऱ्या बाजूला ठेवलेला आहे आणि दोघांमधलं बोलणं त्याशिवाय कळत नाही. मग तीन रात्रींच्या सीडी मिळवा आणि फक्त ‘स्ट्रेंज काइंड’ तिन्ही रात्रींचं लागोपाठ लावा. तुम्ही बासवाले आहात, तेव्हा ते दोघं भांडत असताना ग्लोव्हर कुठे थांबतो आणि कुठे परत शिरतो तिकडे कान ठेवा. तीनपैकी कुठल्या रात्रीचा जवाब तुम्हाला सरस वाटला ते मला कळवा. मला १६ तारखेचा वाटतो, पण तो मी सगळ्यांत जास्त वेळा ऐकला आहे.