मेरी क्वांटला कटिंग येत होतं का?

नमस्कार. ब्रिटिश फॅशनवरच्या माझ्या लेखावर आलेली ही 30 वर्षं शिवणमशीनवर काढलेल्या माणसाची प्रतिक्रिया आहे, म्हणून दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून मोकळी होत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लंडनची फॅशन डिझायनर मेरी क्वांट, तिला धड कापड बेतता येत नव्हतं, मिनीस्कर्टही तिचा नव्हे, पॅरिसच्या डिझायनर कूरेजचा, आणि राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचा झगा करणाऱ्या नॉर्मन हार्टनेलना मी दोन वाक्यांत उरकलं.

मिनीस्कर्टचं आधी मिटवते. क्वांटला मिनीस्कर्टची 'जननी' म्हटलं ते चुकलं, तो शब्द लेखातून काढलाय. कूरेजने 1964 मध्ये आखूड कपडे दाखवले होते, लंडनमध्ये डिझायनर जॉन बेट्सही होताच. खुद्द क्वांट श्रेय द्यायची ते तिच्या दुकानाच्या रस्त्यावरच्या, लंडनच्या किंग्ज रोडवरच्या मुलींना. 'अजून आखूड करा' असा हट्ट त्यांचाच. नाव मात्र तिने दिलं, लाडक्या मिनी गाडीवरून.

कटिंगचं तुमचं बरोबर आहे. ती लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजात कला शिकलेली. 1955 मध्ये लंडनच्या चेल्सी भागात 'बझार' हे दुकान उघडलं, तेव्हा बाहेरचा माल आणून विकायचा असाच बेत होता. मनासारखं काही मिळेना, मग रात्रीच्या कटिंग क्लासला जाऊन बटरिक कंपनीचे तयार कागदी पॅटर्न आपल्या मनाने बदलू लागली. घाऊक कापड कुठे मिळतं तेही ठाऊक नाही, म्हणून चक्क हॅरॉड्स या लंडनच्या महागड्या दुकानातून किरकोळ भावाने घ्यायची! आजच्या गल्ल्यातून उद्याचं कापड. तुम्ही कपाळावर हात मारला असेल. पण याच धांदलीमुळे काल काय खपलं ते बघून आज शिवलं जायचं आणि दुकानात सतत नवं काहीतरी लागायचं. मुली पुन्हा पुन्हा येत त्या त्यासाठी. शिवाय पुरुषांच्या सुटाचं फ्लॅनेल, लोकरी जर्सी अशी कापडं तिने मुलींच्या झग्यांना वापरली. बससाठी पळता येईल असा कपडा तिला हवा होता. हे मी डिझाइनच मानते.

'बझार'मधले कपडे स्वस्त नव्हते, हे मात्र लेखात लिहायला हवं होतं. स्वस्तातली 'जिंजर ग्रुप' मालिका आली 1963 मध्ये. आणि पुढच्याच वर्षी बटरिकने क्वांटचे पॅटर्न विकायला काढले! जिचे पॅटर्न कापून ही शिकली, तीच कंपनी. आता घरात शिवणयंत्र असलेल्या मुलीला चेल्सीला जायची गरज उरली नाही.

हार्टनेलबद्दल. 1953 चा तो पांढऱ्या सॅटिनचा झगा अप्रतिमच. त्यावरच्या भरतकामात भारताचं कमळसुद्धा आहे. पण सुई हार्टनेलच्या हातात नव्हती, ती त्यांच्या कार्यशाळेतल्या भरतकाम करणाऱ्या बायकांच्या हातात होती. ते स्वतः केंब्रिजमधून पदवी न घेता बाहेर पडलेले, कॉलेजच्या नाटकमंडळींचे कपडे करता करता या धंद्यात आलेले. 'जो बेततो तोच डिझायनर' हा तुमचा नियम लावला, तर तेही बाद होतात.

त्या नियमात चपखल बसतो तो ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीन. सोळाव्या वर्षी सॅव्हिल रो या लंडनमधल्या शिंप्यांच्या रस्त्यावरच्या अँडरसन अँड शेपर्ड या शिंप्यांच्या पेढीत उमेदवारीला लागलेला. माझा लेख 1970 पाशी थांबला म्हणून तो राहिला; पुढचा लेख त्याच्यावरच. त्याआधी एक विचारायचंय. त्याच्या 'बम्स्टर' पँटची कंबर इतकी खाली की पाठीचा कणा संपतो तिथवर उघडं. अशी पँट अंगावर टिकते कशी? तुम्ही असता तर कुठे काय धरलं असतं?