विंडोज टेनचा सपोर्ट संपला म्हणून शाळेचे कॉम्प्युटर भंगारात घालू नका

सध्या आपल्याकडं शाळेच्या अन् कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज लई फिरायलाय, परभणीच्या ग्रुपवर आला, नांदेडच्या आला, लातूरच्याबी आला. म्हणणं असं की विंडोज टेन बंद झालं, जुने कॉम्प्युटर भंगारात काढा अन् नवीन घ्या, लिनक्सच्या (विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टीम) नादी लागू नका, ते इंजिनियर लोकांचं काम, त्यावर मराठी चालत नाही, विंडोज तर दुकानदार फुकटात टाकून देतो, अन् सगळं जग तेच वापरतंय म्हणजे तेच भारी. हे वाचून काही शाळा खरंच मशिनी काढायच्या तयारीला लागल्यात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"बंद झालं" हेच आधी चूक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबवले. मशीन सुरू होतं, फाईल उघडतात, प्रिंट निघते. घरच्या कॉम्प्युटरची नोंदणी केली तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट मिळतील असं कंपनीनंच जाहीर केलंय. धोका आहे, ते मी नाकारत नाही, अपडेट नसलेलं मशीन नेटला जोडून ठेवूच नये. पण सपोर्ट संपलाय तो विंडोजचा, डब्यातला प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क काल होती तशीच आज आहे.

मग विंडोज ११ का टाकत नाहीत? कारण त्याला टीपीएम २.० (सुरक्षेची एक चिप) लागतं अन् इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनचा किंवा पुढचा लागतो. आता २०१५-१६ च्या आसपास डिजिटल शाळेसाठी गावोगाव लोकवर्गणी झाली ती आठवा. दुष्काळाची वर्षं होती ती, लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते २०१६ साल, अन् तशातबी लोकांनी शाळेसाठी पैसे दिले. त्या मशिनी चौथ्या-सहाव्या जनरेशनच्या, म्हणजे विंडोज ११ च्या यादीत बसतच नाहीत. चालू मशीन एका कंपनीच्या यादीत नाही म्हणून किलोच्या भावानं द्यायचं हे मला अजिबात पटत नाही. त्याच मशीनवर लिनक्स टाकता येतं.

आता मुख्य मुद्दा, "सगळं जग वापरतंय म्हणजे तेच भारी". डेस्कटॉप-लॅपटॉपमध्ये विंडोज सगळ्यात पुढं आहे, खरंय. पण ते पुढं कसं गेलं तेबी बघा ना. १९९४ पर्यंत मायक्रोसॉफ्टचे कॉम्प्युटर बनवणाऱ्यांशी असे करार असायचे की विकलेल्या प्रत्येक मशीनमागं पैसे द्यायचे, मग त्यात त्यांची सिस्टीम टाका नाहीतर दुसऱ्याची. दुसऱ्याची टाकली तर दोघांचे पैसे भरा, मग कोण टाकेल? अमेरिकेच्या सरकारनं चौकशी केली तेव्हा ते करार थांबले. १९९८ ला पुन्हा खटला झाला, कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेश वरच्या कोर्टानं रद्द केला, पण मक्तेदारी आहे अन् ती टिकवायला बेकायदा मार्ग वापरले हे २००१ च्या निकालात कायमच राहिलं. त्याच खटल्यात कारणबी स्पष्ट आलंय, की लोक ती सिस्टीम घेतात जिच्यावर सॉफ्टवेअर जास्त, अन् सॉफ्टवेअरवाले तिच्यासाठीच लिहितात जिच्यावर लोक जास्त. एकदा हे चक्र फिरलं की माल चांगला का वाईट हा प्रश्न मागं पडतो.

आपल्याकडं त्यात एमएस-सीआयटीची भर. सरकारी नोकरीला सर्टिफिकेट पाहिजे, वीसेक वर्षं पोरं विंडोज अन् ऑफिसवरच शिकली, तीच पुढं मास्तर झाली, क्लार्क झाली, दुकानदार झाली, अन् आता म्हणतात दुसरं काही जमत नाही. जमत नाही कारण कुणी दाखवलंच नाही. अन् जिथं लोक तपासून निवडतात तिथलं चित्र बघा, जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून पाचशेच्या पाचशे लिनक्सवर आहेत.

"इंजिनियरचं काम" याला उत्तर केरळ. तिथल्या सरकारी शाळांत दीड दशकाहून जास्त काळ पोरं लिनक्सवर शिकायलेत, साधे मास्तरच शिकवतात.

मराठीचं म्हणाल तर युनिकोड (कुठल्याबी कॉम्प्युटरवर मराठी सारखीच दिसावी अशी अक्षरांची पद्धत) अन् इनस्क्रिप्ट हा मराठी टाईप करायचा कीबोर्ड लिनक्समध्ये आधीच असतो, सेटिंगमध्ये मराठी निवडा अन् टाईप करा, लिब्रेऑफिसचे (एमएस ऑफिससारखंच फुकट सॉफ्टवेअर) मेनूसुद्धा मराठीत करता येतात. अडतं ते श्रीलिपी, कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फायलींचं. त्या एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्याव्याच लागतील, विंडोजवर राहिलात तरीसुद्धा.

अन् फुकटचं विंडोज म्हणजे क्रॅक, लायसन्स तोडलेली चोरीची कॉपी. ते टाकताना अँटीव्हायरस बंद करायला लावतात, तिथूनच घाण आत शिरते, वर कित्येकदा अपडेटबी बंद करून ठेवतात. मे २०१७ ला वॉनाक्राय व्हायरसनं फायली लॉक करून खंडणी मागितली, त्याला अडवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मार्चमध्येच आलेला होता, मार त्यांनाच बसला ज्यांनी तो टाकला नव्हता.

एक मान्य, टॅली विंडोजवरच चालतं, सेवा केंद्रातल्या बऱ्याच अंगठ्याच्या मशिनी विंडोज नाहीतर अँड्रॉइडच मागतात, डीटीपीवाल्याला कोरलड्रॉ लागतं. अशांनी विंडोज ठेवावं, त्यांना मी आग्रह करणार नाही. पण वर्गात व्हिडिओ दाखवणं, निकालाचा तक्ता, पत्र, शालार्थ (मास्तरांच्या पगाराची) किंवा यूडायसची (शाळेच्या माहितीची) साईट उघडणं, याला ब्राउझर अन् लिब्रेऑफिस पुरतं.

तर सर, मॅडम, भंगारवाल्याला फोन करायच्या आधी लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) पेन ड्राइव्हवर घ्या अन् काहीही न पुसता तिथूनच चालवून बघा. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं, अन् मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. प्रोजेक्टर, प्रिंटर अन् वायफाय हे तिन्ही आधी तपासा, अडलं तर तिथंच अडतं. टाकायचं ठरलं की डेटाचा बॅकअप घेऊन मगच टाका. अन् एखादं मशीन खरंच गेलेलं असलं, द्यायचंच ठरलं, तर हार्ड डिस्क काढून शाळेच्या कपाटात ठेवा, तिच्यात पोरांचे आधार नंबर अन् शिष्यवृत्तीची बँक खाती असतात.