सोमवारच्या खेळाचा अहवाल

व्हॉडव्हिल म्हणजे गाणी, विनोद, कसरती असे छोटे खेळ एकामागून एक दाखवणारा जुना अमेरिकन कार्यक्रम. असे कार्यक्रम लावणाऱ्या कीथ सर्किट या थिएटरांच्या साखळीतले मॅनेजर म्हणजे खेळांवर नुसती कात्री चालवणारे, असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटलं नाही. सोमवारी नवा कार्यक्रम लागला की ते खेळ बघून प्रत्येक कलाकाराबद्दल मुख्य कचेरीला लिहायचे: किती मिनिटं, पूर्ण रंगमंच लागला की पडद्यापुढची जागा पुरली, टाळ्या कुठे पडल्या. अचकटविचकट शब्द गाळायला लावायचे, हे खरंच. पण लोक अजून खुर्च्या शोधत असताना सुरुवातीच्या कसरतवाल्याला टाळ्या कमीच पडणार. तो दोष कलाकाराचा नाही, क्रमाचा, हे ओळखायला पारखी नजर लागते! आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात हे अहवाल जपलेत, जरूर वाचा. मला कळवळा येतो तो कलाकारांचा, कारण त्या चार ओळींवर पुढची कामं अवलंबून असायची.