‘टेलिकन्व्हर्टर म्हणजे पैशाची माती’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळी पाहुणे पक्षी उतरले की तो मेसेज दरवर्षी परत फिरायला लागतो, यंदा तर आमच्या तीन ग्रुपवर एकाच आठवड्यात आला. मजकूर थोडक्यात असाय: टीसी (टेलिकन्व्हर्टर, कॅमेरा अन् लेन्सच्या मध्ये बसणारं, पक्षी मोठा दाखवणारं काचेचं जोड) म्हणजे पैशाची माती, त्यानं शार्पनेस जातो, उजेड जातो, फोकस बसत नाही, त्यापेक्षा फोटो क्रॉप करा (कडा कापून मधला भाग मोठा करा), रिझल्ट सेमच येतो, अन् तरी पक्षी बारीकच दिसत असंल तर पाय वापरा, जवळ जा. संभाजीनगर, जालना, परभणीकडची नवीन पोरं हे वाचून ठरवायलेत काय घ्यायचं अन् कसं फिरायचं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं क्रॉपचं. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ३०० मिलिमीटरची लेन्स लावली अन् १.४ पट मोठं करणाऱ्या टीसीनं मिळतो तेवढा पक्षी नुसत्या क्रॉपनं मिळवायचा म्हणलं तर निम्मी फ्रेम फेकावी लागते, हातात राहतात १२ मेगापिक्सेल, २ च्या टीसीएवढं पाहिजे तर फक्त ६. मी हे गच्चीवरून करून पाहिलंय. समोरच्या गल्लीतली पाण्याची टाकी, सकाळचे सात, ट्रायपॉड, दोन सेकंदाचा टायमर, ३०० एफ/४ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं). क्रॉप केलेल्या फोटोत टाकीवरची लिटरची शून्यं नुसते काळे गोळे झालेली, टीसी लावलेल्या फोटोत शून्याच्या आतली पोकळी दिसती अन् झाकणाला बांधलेल्या सुतळीचा पीळसुद्धा दिसतो. हां, एक गोष्ट कबूल, लेन्सच मुळात नरम असंल तर टीसी तो नरमपणाच मोठा करून दाखवतो, मग क्रॉप काय अन् टीसी काय, फरक पडत नाही. चांगल्या प्राइमवर (झूम नसलेल्या लेन्सवर) १.४ लावा अन् जमलं तर भोक अर्धा-एक स्टॉप बारीक करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), मग बोला. २ चा मात्र मी कुणाला डोळे झाकून घ्या म्हणणार नाही, तो एफ/२.८ च्या महागड्या प्राइमवरच खरा शोभतो.

उजेडाचं गणित सगळेच अर्धवट सांगायलेत. १.४ नं एक स्टॉप जातो, २ नं दोन, हे खरंच आहे, एफ/४ चं एफ/५.६ होतं अन् आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० चा १६०० करावा लागतो. पण जरा भागाकार करून बघा, ३०० भागिले ४ म्हणजे ७५ मिलिमीटर, टीसी लावून ३०० चे ४२० होतेत, ४२० भागिले ५.६ म्हणजे परत ७५ च. उजेड आत यायचं भोक तेवढंच आहे, पक्ष्याकडून येणारा उजेडही तेवढाच, टीसीनं तो फक्त सेन्सरच्या जास्त जागेवर पसरवला. तुम्ही टीसीशिवायचा आयएसओ ८०० वाला फोटो क्रॉप करून तेवढाच मोठा केला तर त्याचे दाणेबी तेवढेच मोठे होणार, म्हणजे नॉइजमध्ये कमावलं काहीच नाही.

फोकसचा मुद्दा जुन्या डीएसएलआरपुरता (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांपुरता) बरोबर होता. बऱ्याच बॉडीचा ऑटोफोकस एफ/५.६ ला थांबायचा, निकॉनच्या डी७२०० सारख्यात एफ/८ ला मधला एकच पॉइंट चालायचा. ५.६-६.३ च्या झूमवर १.४ लावला की एफ/९ च्या आसपास जातं, तिथं त्या बॉडी चाचपडायच्याच. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरूनच होतो, ते एफ/११ ला पण पकडतेत, फक्त संध्याकाळी थोडे मंद होतेत. डीएसएलआर असंल तर लेन्स अन् टीसी जोडून फाइन ट्यून (कॅमेऱ्याच्या मेनूतली फोकसची बारीक दुरुस्ती) वेगळं करा, लई जणांचा राग तिथंच संपतो.

अन् कंपन्यांनाच हे काचेचं डबडं वाटत असतं तर कॅननच्या २००-४०० एफ/४ मध्ये अन् निकॉनच्या झेड ६०० एफ/४ मध्ये १.४ चा टीसी आतच बसवला नसता. घेताना मात्र जोडी तपासाच, काही टीसीची पुढची काच बाहेर आलेली असती, ती लेन्सच्या आत शिरती. कॅननच्या आरएफ १००-५०० ला टीसी लावला की झूम ३०० च्या खाली येतच नाही, ते याच्यामुळंच.

मग फोटो खराब येतेत ते का? माझ्या मते निम्म्याहून जास्त वेळा हवेमुळं. अकरा वाजून गेल्यावर तापलेल्या काळ्या मातीवरून हवा थरथरायला लागली की चक्रवाक बदकाचा डोळा पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो, तुम्ही तीस फोटो काढा, तिसाला तीस वेगळे वाकडे येणार. त्याला कुठलीच लेन्स पुरत नाही. उन्हं वर यायच्या आत कामं उरकायची, तेवढाच इलाज.

आता ‘पाय वापरा, जवळ जा’. सगळ्यात जास्त राग मला या एका ओळीचा आहे. नाथसागराच्या काठावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चरत असतेत, एकजण ‘अजून थोडं’ करत चिखलात शिरतो अन् अख्खा थवा उठून पलीकडच्या काठाला जातो, त्यांची चरायची वेळ गेली अन् बांधावर पहाटेपासून बसलेल्यांचं बी गेलं. उन्हाळ्यात तर त्याहून वाईट. पाणी मागं सरकलं की गाळपेराच्या मोकळ्या जमिनीवर, खड्यांत टिटवी अंडी घालती, मातीच्याच रंगाची, ठिपक्याठिपक्यांची, पायाखाली येईस्तोवर दिसत नाहीत. मागच्या एप्रिलमध्ये असंच एक घरटं दिसलं, चार अंडी, अन् त्याच्यापासून वीतभर अंतरावर बुटाचा ताजा ठसा, टाचेचा नक्षीकाम केलेला भाग नीट उमटलेला. टिटवी वर घिरट्या घालत ओरडत होती. मी मागं फिरून बांधावर गेलो, टीसी लावला, खाली बसलो. वीसेक मिनिटांनी ती उतरली, पिसं फुगवून अंड्यांवर बसली. ४२० ला, एफ/७.१ ला तिच्या डोळ्यापुढचा लाल पडदा अन् चोचीचं काळं टोक स्वच्छ आलं, अन् मी उठून निघालो तरी ती जागची हलली नाही.