पोदेराच्या मागावर

पुण्याची मावसबहीण फोनवर दर वेळी म्हणते, "तुमचं काय बाबा, गोव्यात राहता. सुशेगाद!" त्या वेळी मी बहुधा बाणस्तारीच्या पुलाआधी गाड्यांच्या रांगेत पहिल्या गिअरवर असतो. सुशेगाद म्हणजे निवांत. हा शब्द पोर्तुगीजांचा. 1961 साली जाताना ते शब्द ठेवून गेले, पण तो वापरायला लागणारा वेळ जहाजात भरून घेऊन गेले असावेत. फोंड्यातली बरीच दुकानं अजूनही दुपारी शटर ओढून झोपतात. मी मात्र तेव्हा पणजीत एक्सेलचा तक्ता भरत असतो.

पण माझं दुःख झोपेचं नाही, उंड्याचं आहे.

सकाळी सव्वासहाला आमच्या गल्लीत पोदेर, म्हणजे पाववाला, येतो. सायकलच्या मागे बांबूची पाटी, तिच्यावर निळं प्लास्टिक, हँडलला रबरी भोंगा. पों-पों! पाटीत पाव, कोंडा लावलेल्या पोकळ पोई, कडक कांकणं आणि उंडे. उंडा वरून टणक, आतून कापूस. गरम असतानाच बोटांनी फोडावा, वाफ नाकात जाऊ द्यावी आणि चहात बुडवून, खाली पडायच्या आत तोंडात घालावा. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने आंबवत. त्या उंड्याचा वास वेगळाच, असं आई अजून म्हणते आणि डोळे मिटते.

आई रात्रीच गेटला पिशवी अडकवून ठेवते, आत सुटे पैसे. व्यवस्था इतकी चोख, की उंडा रोज घरात येतो आणि माझी त्याची भेट होत नाही. तो डब्यातून पणजीला जातो आणि अकरा वाजता, खिळा ठोकायच्या लायकीचा झाल्यावर, मी तो कीबोर्डवर चुरा सांडत खातो.

एका रविवारी ठरवलं, की या आठवड्यात गरम उंडा खायचाच. फोनच्या कॅलेंडरमध्ये 'उंडा, 6.10' अशी नोंद केली. आणखी कुणाला निमंत्रण पाठवायचं, असं कॅलेंडरने अदबीने विचारलं. आईला म्हटलं, "उद्यापासून पिशवी लावू नकोस, मी स्वतः घेणार." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विहीर खणायला निघालोय.

सोमवारी फोन वाजला. तो बंद करायला हातात घेतला, तर ऑफिसच्या ग्रुपवर 43 मेसेज. तेवढे वाचेपर्यंत पों-पों आलं आणि गेलं. मंगळवारी साहेबांचा फोन. "हो सर, हो सर" म्हणत गॅलरीतून पोदेराला हातवारे केले. त्यानेही प्रेमाने हात हलवला आणि पुढे गेला. दोन दिवस घरात चहाबरोबर बिस्किटं. आई काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

बुधवारी फोन चार्जरलाच ठेवला आणि धावत खाली गेलो. सायकल कोपऱ्यावर वळत होती. स्कूटर काढली, हाफ पँटवरच. मागे जाऊन हॉर्न दिला. त्याने साईड दिली. पुन्हा दिला. 'मग जा की!' अशा नजरेने त्याने पाहिलं आणि सायकल अशा बोळात घातली, जिथे स्कूटर जात नाही.

मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि हॉर्न वाजवत राहिलो. एका जुन्या घराचं दार उघडलं. आजी पिशवी घेऊन बाहेर आल्या.

"पुता, चार उंडे दी."

"आजी, मी पोदेर नव्हे."

"मग पों-पों कित्याक करता?"

याला उत्तर नव्हतं. तेवढ्यात बोळाच्या तोंडातून खरा पोदेर बाहेर आला. आजींनी चार घेतले, मी चार घेतले आणि आईला आवडतं म्हणून एक कांकण. मग आजी म्हणाल्या, "च्या उकळताच आसा, बस." मी सोप्यावर बसलो. परसातल्या फणसावर खार पळत होती. आजींच्या सुनेचं माहेर, नळाला पाणी किती वाजता येतं, यंदाच्या आमसुलांचं काय झालं, सगळं ऐकलं. उंडा फोडला. वाफ आली.

घरी पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते. फोनवर अकरा मिस्ड कॉल, त्यातले सात साहेबांचे. आई चहाचं आधण तिसऱ्यांदा गरम करत होती. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली, आत पाहिलं, उलटी करून झटकली.

ओट्यावर एक कांकण पडलं.