"आधी मूल होऊ द्या, मग बघू" या रिव्ह्यूला क्लिनिककडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी परत दोनदा वाचला. क्लिनिक माझंच आहे आणि त्या दिवशी तुम्हाला तपासणारी डॉक्टरही मीच, त्यामुळे उत्तर स्टाफवर न ढकलता मीच लिहितेय. तुमच्या फाइलमधलं काहीही इथे येणार नाही, तुम्ही स्वतः जे उघड लिहिलंय तेवढ्यावरच बोलते.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या बाळंतपणानंतर अंग खाली आलंय (म्हणजे गर्भपिशवी खाली सरकलीय), दुसऱ्या बाळासाठी वर्ष झालं प्रयत्न चालू आहेत, संबंधांच्या वेळी खाली काहीतरी अडतं आणि त्या भीतीने महिन्यातले नेमके कामाचे दिवस वाया जातात. दुसरीकडे कुणीतरी सांगितलं की अंग बाहेर असेल तर दिवस राहतच नाहीत, म्हणून घाबरून माझ्याकडे आलात. आणि मी पाच मिनिटांत तपासून, हातमोजे काढता काढता म्हटलं "फार काही नाहीये, आधी मूल होऊ द्या, मग पिशवीचं बघू", व्यायामाचा छापील कागद हातात दिला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. ऑपरेशनचं विचारलंत तर "आत्ता नाही", बस. शेवटी तुम्ही लिहिलंय की घरी जाऊन बाथरूममध्ये रडलात, कारण वाटलं की हे सगळं आपल्याच डोक्यात आहे.

ताई, तुमच्या डोक्यात काही नाहीये. माझी तपासणी अर्धवट होती. सकाळची ओपीडी, तुम्ही टेबलवर आडव्या, आणि रात्रभर झोपून उठल्यावर पिशवी बरीचशी वर गेलेली असते, दिवसभर उभं राहून, उचलाउचल करून, संध्याकाळपर्यंत ती खाली येते. म्हणूनच पेशंटला खोकायला सांगायचं, जोर लावायला सांगायचं, आणि ती सांगते तेवढं तरीही दिसत नसेल तर उभं करून तपासायचं, हे मी स्वतः ज्युनियर डॉक्टरांना शिकवते. तुम्हाला मी उभं करून तपासलं नाही. योनीच्या तोंडापासून पिशवी किती सेंटिमीटर वर किंवा खाली आहे हे मोजून त्यावरून स्टेज ठरते, नुसत्या "फार काही नाही" ला काही अर्थ नसतो, आणि जिला चालताना गोळा जाणवतो तिला तर तो शब्द लागतोच.

व्यायामाच्या कागदाबद्दल पण तुमचं बरोबर आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बळकट करणं हा पहिल्या दोन स्टेजमध्ये पहिला उपाय, ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शनात तो कमीत कमी १६ आठवडे, तेही शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करायला सांगितलाय. कागद बघून नाही. १९९१ मध्ये एक अभ्यास झाला होता, बायकांना फक्त तोंडी समजावून व्यायाम करायला लावला तर चौघींपैकी साधारण एक जण वर ओढायच्या ऐवजी उलटाच जोर लावत होती, म्हणजे अंग खाली आलेलं असताना रोज आणखी खाली ढकलायचं. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आत आणि वर ओढायचं, श्वास न अडवता, आणि ते खरंच वर जातंय का हे कुणीतरी बोट लावून तपासायला हवं. ते मी केलं नाही.

पण माझी सगळ्यात मोठी चूक वेगळीच. तुम्ही पिशवी आणि बाळ अशा दोन तक्रारी घेऊन आलाच नव्हता, तुमचा प्रश्न एकच होता की हे असं असताना दिवस कसे राहणार, आणि मी त्याचे दोन तुकडे करून एक तुकडा पुढे ढकलला. उत्तर खरं तर हे होतं: अंग खाली आल्यामुळे स्त्रीबीज तयार व्हायचं थांबत नाही, नळ्या बंद होत नाहीत, त्यामुळे "दिवस राहतच नाहीत" हे चूक आहे. अडचण होते ती संबंधांत. दुखतं, अडतं, लाज वाटते, मग टाळलं जातं, आणि महिन्यातले दिवस राहण्याजोगे दिवस जेमतेम सहा, बीज बाहेर पडतं तो दिवस आणि त्याआधीचे पाच, ते हातचे गेले की महिना गेला. दुखतं म्हणून कुणी ओलाव्यासाठी जेल वापरत असेल तर तेही बघून घ्यावं, नेहमीची बरीचशी जेल शुक्राणूंची हालचाल मंदावतात, प्रयत्न चालू असणाऱ्यांसाठी वेगळी मिळतात. आणि वर्ष पूर्ण झालं की (वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच) दोघांच्याही तपासण्या सुरू करायच्या असतात, त्यात नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत. तुमचे मिस्टर बाहेर बाकावर बसले होते, त्यांना आत बोलवायचं साधं सुचलं नाही मला.

योनीत बसवायच्या रिंगबद्दल तर मी एक शब्द बोलले नाही. माझ्या ड्रॉवरमध्येच असते ती, सिलिकॉनची, बांगडीएवढी, दाबली की मधून दुमडते. मापाची बसवली की पिशवीला खालून आधार मिळतो, बऱ्याच बायका ती स्वतः काढायला घालायला शिकतात, म्हणजे संबंधांच्या आधी काढायची, नंतर धुऊन परत घालायची. मूल हवं असणाऱ्या बाईला हा उपाय कुठेही आडवा येत नाही. दिवस राहिल्यावरही पहिले तीन महिने ती आधार देते, साधारण बारा आठवड्यांनंतर पिशवी वाढून ओटीपोटातून वर सरकते तेव्हा अनेकींना आपोआपच बरं वाटतं. त्या काळात जास्त लक्ष मात्र ठेवावं लागतं, पिशवीचं तोंड सुजणं, तिथे जखम होणं, लघवीचं इन्फेक्शन, क्वचित वेळेआधी कळा, आणि लघवी अडकली तर सकाळची वाट न बघता तेव्हाच दवाखाना गाठायचा.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ऑपरेशन नाही म्हटलं ते पैशासाठी किंवा जबाबदारी टाळायला नाही, आणि आज विचारलंत तरी बहुतेक तेच सांगेन. पिशवी काढली तर मुलाचा विषयच संपला. पिशवी ठेवून ती वर बांधायची ऑपरेशन्स आहेत, शिरोडकर आणि पुरंदरे या आपल्याच सर्जननी त्यातल्या पद्धती शोधल्या आणि तरुण बायकांसाठी त्या आजही होतात, पण नंतरच्या गरोदरपणाच्या आणि बाळंतपणाच्या ताणाने केलेलं काम परत सैल पडू शकतं, आणि अशा ऑपरेशननंतर अनेकदा सिझेरियन सुचवलं जातं. त्यामुळे रिंगने आणि व्यायामाने भागत असेल तर ऑपरेशन कुटुंब पूर्ण झाल्यावर, आणि काहीही करून भागत नसेल तर आधी, सगळं बोलून. हे सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती तुमच्या हक्काची होती. मी दोन शब्दांत उरकलं, म्हणून तुम्हाला हाकलून दिल्यासारखं वाटलं, त्याबद्दल मनापासून माफी मागते.

त्या दिवशीची फी परत करायला रिसेप्शनला सांगितलंय. अशा पेशंटसाठी आता अर्ध्या तासाची अपॉइंटमेंट ठेवतोय आणि व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट तिथेच असेल. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तो राहू दे.

माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा, तपासणीचे कागद मी आजच तयार करून ठेवते, फक्त तिथे "मला उभं करून तपासा" आणि "रिंग बसेल का" हे दोन्ही स्वतःहून विचारा. आणि माझ्याकडेच परत यावंसं वाटलं तर मिस्टरांना घेऊन संध्याकाळची शेवटची वेळ घ्या, दिवसभराचं काम झाल्यावर, गोळा जाणवत असताना या.