"तीन आठवडे नुसती पट्टी, मशीन एकदाही नाही" या अभिप्रायाला क्लिनिकचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार देताना तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: करंगळीशेजारचं बोट मिटताना-उघडताना अडकतं (याला ट्रिगर फिंगर म्हणतात), तीन आठवडे स्प्लिंट, म्हणजे बोटाची पट्टी, घातली तरी सकाळी ते अडकतंच. दुखतं मधल्या पेराला आणि पट्टी तळहाताला. मशीन एकदाही लावलं नाही, उलट घरचा स्माइली बॉल बंद करायला सांगितला. पट्टीचे पंधराशे घेतले, मेडिकलमध्ये ती अडीचशेला मिळते. आणि इंजेक्शनने लवकर बरं होतं असं आता दुसरीकडे कळलं. तुमच्या फाइलमधलं काहीही आम्ही इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे मांडलंय, तेवढ्यावरच बोलतो.

आधी पट्टीची जागा. 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' असं ते दिसतं खरं, पण आग तळहातातच आहे. बोटं वाकवणारे मोठे स्नायू मनगटाच्या वर, कोपरापर्यंतच्या भागात असतात. त्यांचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, तळहातातून बोटात जातात आणि ते हाडापासून सुटू नयेत म्हणून वाटेत कड्यांसारख्या पुली असतात. पहिली पुली बोटाच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला. ट्रिगर फिंगरमध्ये ही पुली जाड होते, बऱ्याचदा टेंडनवर गाठ धरते, आणि ती गाठ पुलीच्या तोंडाशी अडकते. जोर लावल्यावर सुटते तेव्हा झटका मधल्या पेराला बसतो, म्हणून दुखणं तिथलं वाटतं. बोटाच्या मुळाशी दुसऱ्या हाताचा अंगठा टेकवून बोट सावकाश मिटलं-उघडलं तर गाठ सरकताना लागते.

मूठ वळताना बोटाच्या मुळाचा सांधा जितका वाकतो, तितका टेंडन या पुलीच्या कडेवर घासतो. पट्टीचं काम एवढंच: हा सांधा जवळपास सरळ, फार तर 10 ते 15 अंशांत धरायचा आणि पुढचे दोन्ही सांधे मोकळे ठेवायचे. मेडिकलमधली फोम लावलेली अॅल्युमिनियमची पट्टी अख्खं बोट सरळ धरते. ती आठवडेच्या आठवडे बांधली की मधला सांधा आखडतो आणि एकाऐवजी दोन दुखणी होतात. आमची पट्टी थर्मोप्लास्टिकची असते. साधारण 65 ते 70 अंशांच्या पाण्यात मऊ करून ती त्याच हातावर बसवावी लागते, आणि नंतर सैल झाली किंवा टोचली तर पुन्हा तापवून नीट करता येते. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. याच कारणाने ती गरम पाण्यात धुऊ नका, उन्हातल्या गाडीत विसरू नका. कोन बिघडलेली पट्टी हातावर असून नसल्यासारखीच.

आता तीन आठवडे. ही पट्टी किमान सहा आठवडे, गरज पडली तर दहा आठवडे लागते. अंघोळ आणि व्यायामाचा काही भाग सोडला तर दिवसरात्र. स्वयंपाकात अडचण होते म्हणून दिवसा काढून ठेवणारे बरेच असतात, ते समजू शकतो. पण रात्री काढू नका. झोपेत मूठ मिटलेली राहते, म्हणूनच सकाळी बोट सर्वांत जास्त अडकतं, आणि हे सकाळचं अडकणं बहुधा सगळ्यात शेवटी जातं. फरक मोजायचा तर आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, दहा वेळा मूठ वळून किती वेळा अडकलं ते लिहून ठेवा. दहापैकी आठचे चार झाले तर उपचार लागू पडतोय. रोज मात्र हे करू नका. प्रत्येक 'टक्' म्हणजे पुन्हा तेच घर्षण.

स्माइली बॉल त्यासाठीच बंद केला. बॉल दाबणं म्हणजे जोर लावून पूर्ण मूठ, तीही पन्नास-पन्नास वेळा. या दुखण्यात ताकद कमी पडलेली नसते, वाट अरुंद झालेली असते. व्यायाम आहे तो हुकाचा: पट्टी घालूनच पुढची दोन पेरं आकड्यासारखी वाकवायची आणि सरळ करायची, वीस वेळा, जागेपणी दर दोन तासांनी. यात टेंडन सरकत राहतात, पण पुलीवर भार कमी येतो. दिवसातून दोन-तीनदा पट्टी काढून दुसऱ्या हाताने बोट हळूच पूर्ण सरळ करायचं आणि दहा आकडे धरायचं. व्यायामात 'टक्' झालं तर वाकवणं तिथल्या अलीकडे थांबवा. गाठ दाबून चोळायची नाही.

मशीनचं म्हणाल तर अल्ट्रासाउंडने (तपासणीची सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचा उपचार) दुखणं थोडा वेळ हलकं होऊ शकतं, पण अडकणं त्याने सुटतं याला भक्कम आधार नाही. रोज बोलावून मशीन लावणं आम्हाला परवडलं असतं, तुम्हाला नाही.

पट्टीइतकंच महत्त्वाचं म्हणजे रोजची पकड. भाजीच्या पिशवीचे बंद नेमके त्या पुलीवर रुततात. पिशवी कोपरात अडकवा. ओले कपडे पिळू नका. बारीक लाटण्याच्या मुठींना कापड गुंडाळून त्या जाड करा. हे जसंच्या तसं चालू ठेवून नुसती पट्टी घातली तर सहाचे बारा आठवडे होतील.

इंजेक्शनबद्दल ऐकलंत ते बरोबर आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन बहुतेकदा पट्टीपेक्षा लवकर गुण देतं. ते डॉक्टर देतात, आम्ही देऊ शकत नाही. पहिल्या दिवशी देतो त्या कागदावर तो पर्याय छापलेला आहे. काहींना काही महिन्यांनी त्रास उलटतो. मधुमेहात गुण कमी येतो आणि काही दिवस साखर वाढते, हे इथे वाचणाऱ्या इतरांसाठीही लिहितो, कारण एरवी शंभरात दोन-तीन जणांना होणारं हे दुखणं मधुमेहींमध्ये दहाच्या आसपास जणांना होतं. इंजेक्शन घेणार असाल तर जरूर घ्या. त्यानंतरही बॉल आणि पिळणं बंदच ठेवा.

पट्टी चालू ठेवणार असाल तर ती घेऊन एकदा या, कोन तपासू. सहा आठवड्यांनी दहा मुठींच्या आकड्यात काहीच फरक नसेल तर आम्हीच पुढे पाठवतो. आणि बोट वाकलेलंच राहिलं, दुसऱ्या हातानेही उघडेना, तर सहा आठवडे मोजत बसू नका; थेट हँड सर्जनकडे जा, त्याला आमच्या चिठ्ठीची गरज नाही.